पोव्हिडोनचा पत्ता कुणी लावला?

(पत्र थोडं आटोपशीर केलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

"ताई, नमस्कार. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते, रबाळे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या आर अँड डीत अ‍ॅनालिटिकल विभागात आहे. रसायनशास्त्रात पीएचडी, नोकरीला अकरा वर्षं झाली. मुलगी आता दोन वर्षांची होईल.

बाळंतपणाच्या रजेवरून आले तेव्हा आमच्या एका गोळीच्या स्टॅबिलिटीत (गोळी किती टिकते याच्या चाचणीत) तिसऱ्या महिन्याला एक अननोन पीक, म्हणजे आलेखावर अनोळखी पदार्थाचं टोक, वर यायला लागला होता. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला ठेवलेले नमुने. फॉर्म्युलेशनवाले, म्हणजे गोळीची घडण ठरवणारे, म्हणत होते, तुमची तपासणीची मेथडच चुकतेय. मी त्या पदार्थाचा मास, म्हणजे रेणूचं वजन, काढला, तर औषधापेक्षा १६ने जास्त. म्हणजे ऑक्सिडेशन. पण ऑक्सिजन येतोय कुठून? म्हणून मी गोळीतला एकेक घटक औषधासोबत वेगळा ठेवून बघितला. पोव्हिडोनपाशी, म्हणजे गोळी बांधून ठेवणाऱ्या बाइंडरपाशी, सापडलं. त्यातले पेरॉक्साइड! लॉट बदलला की पीकही कमी-जास्त. बाइंडर बदलू या, हे मीटिंगमध्ये मीच सुचवलं. नव्या बॅचचा सहा महिन्यांचा डेटा स्वच्छ आहे.

आता त्यावर पेटंट जातंय. मसुदा लीगलकडे आहे आणि शोधकर्ते म्हणून नावं दोन : फॉर्म्युलेशनचे हेड, आणि माझ्यानंतर तीन वर्षांनी लागलेला एक सहकारी. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, 'अगं, तू टेस्टिंग उत्तम केलंस, पण इन्व्हेन्शन म्हणजे वेगळं असतं.' हैदराबादच्या आमच्याच कंपनीच्या आढावा बैठकीत माझ्या स्लाइड्स घेऊन तोच सहकारी बोलून आला. मला विचारलंही नाही. 'लहान मूल आहे, कशाला तुला दगदग.' अप्रेझलमध्ये शेरा : सहा महिने रजेवर असल्याने सरासरी कामगिरी, शिवाय 'थोडी इमोशनल'. मिनिट्स मीच लिहायचे, वाढदिवसाचा केक मीच मागवायचा. महत्त्वाच्या बैठका साडेपाचची बस सुटल्यावर बसतात, ठरलेलं मला दुसऱ्या दिवशी कळतं.

सासूबाई म्हणतात, जवळच्या ज्युनिअर कॉलेजात शिकव. नवरा म्हणतो, तुला झेपेल तसं कर. हा खरंच भेदभाव आहे की मीच हळवी झालेय? एचआरकडे जाऊ का सोडून देऊ?

ता. क. महिला दिनाला 'घर आणि प्रयोगशाळा : तारेवरची कसरत' यावर बोलायला मला सांगितलंय. नाही म्हणू का?

– एक केमिस्ट, ठाणे"

प्रिय केमिस्ट,

ताई म्हणून हाक मारलीस, तेव्हा मी सरळ अगंतुगंवर येते.

तुझ्या पत्रात सहा-सात तक्रारी आहेत आणि त्या काही एका वजनाच्या नाहीत. केक कुणी मागवायचा हे पुढच्या वर्षी ठरलं तरी चालेल. पेटंटचा मसुदा मात्र एकदा लीगलमधून बाहेर पडला की त्यात नाव घालून घेणं दसपट कटकटीचं होतं. म्हणून आधी ते.

आज रात्री मुलगी झोपली की कोरा कागद घे आणि स्वतःची उलटतपासणी घे. नमुने काढणं, मेथड व्हॅलिडेट करणं, मास काढणं हे सगळं कष्टाचं आणि कौशल्याचं काम, पण तेवढ्यावर कुणी शोधकर्ता ठरत नाही. इथे तुझे सर तत्त्वतः बरोबर आहेत. हे मी मुद्दाम आधी सांगतेय, कारण ते पुन्हा हेच वाक्य तुझ्यापुढे टाकणार. पण पुढचं बघ. ऑक्सिजन कुठून येतोय हा प्रश्न कुणी काढला? एकेक घटक वेगळा ठेवून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं? 'पोव्हिडोन तपास' असं तुला कुणी सांगितलं होतं का? पोव्हिडोनच्या फार्माकोपियातल्या (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथातल्या) मानकात पेरॉक्साइडला ४०० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाखांत ४०० भागांपर्यंत, मुभा असते. म्हणजे पुरवठादाराचं सर्टिफिकेट चोख, स्टोअरमध्ये माल पास, आणि तरी गोळीतलं औषध आतल्या आत ऑक्सिडाइज होत राहणार. पास झालेल्या मालावर संशय घ्यायला मशीन पुरत नाही, डोकं लागतं. आणि बाइंडर बदलायची सूचना कुणाची? यातल्या ज्या प्रश्नांचं उत्तर 'माझं' असं येईल, तिथे शोधातला वाटा तुझा. एखाद्याचं उत्तर 'आम्ही दोघं बोलता बोलता' असं असेल तर तसंच लिही, त्यात कमीपणा नाही. शोधकर्ते तीन असायला कायद्याची काहीच हरकत नाही, आणि त्या दोघांची नावं काढायला तू सांगतही नाहीयेस.

मग प्रत्येक उत्तरापुढे पुरावा लिही : नोटबुकचा नंबर, पान, तारीख, आणि 'चेक्ड बाय'ला कुणाची सही आहे. तुझा धंदाच असा आहे की जे लिहिलं नाही ते घडलंच नाही, आणि ऑडिटर आला की आपण सगळे हे घोकत असतो. तेच आता तुझ्या कामी येईल. पोव्हिडोनचे नमुने कुठल्या दिवशी, कुणाच्या लॉगिनवरून इंजेक्ट झाले ते क्रोमॅटोग्राफीच्या सॉफ्टवेअरच्या ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदींत, पडून आहे. ते सरांनाही पुसता येत नाही. मीटिंगचे मिनिट्स तर तूच लिहीत होतीस! तुला चिडवणारं ते काम इथे उपयोगी पडलं. बाइंडरची सूचना कुणी केली ते तुझ्याच मिनिट्समध्ये असेल. नसेल, म्हणजे संकोचून स्वतःचं नाव गाळून 'असे ठरले' एवढंच लिहिलं असशील, तर यापुढे गाळू नकोस.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. नोटबुकच्या पानांचे फोटो मोबाइलवर काढायचे नाहीत, क्रोमॅटोग्राम (तपासणीचे ते आलेख) स्वतःच्या जीमेलवर पाठवायचे नाहीत. ते कंपनीचं आहे, आणि गोपनीयतेच्या करारावर तुझी सही आहे. तू एक फोटो काढलास की चर्चा पोव्हिडोनवरून उडून त्या फोटोवर जाईल. नंबर, पान आणि तारीख पुरे. कागद तिथेच राहतात, कुठे पळत नाहीत.

आता सरांकडे जा. दाराशी उभं राहून नको, वेळ मागून, खुर्चीत बसून. 'माझ्यावर अन्याय झाला' इथून सुरुवात करू नकोस, कारण त्यावर ते अर्धा तास स्वतः किती न्यायी आहेत ते सांगतील. एवढंच विचार : 'शोधकर्त्यांची यादी कोणत्या निकषावर ठरली? कारण शोधातल्या या तीन पायऱ्यांची नोंद माझ्या नोटबुकात अमुक पानांवर आहे.' त्याच दिवशी हेच चार ओळींच्या मेलमध्ये लिहून पाठव. 'मघाशी बोलल्याप्रमाणे' असं सुरू कर, पानांचे आकडे दे, आणि मसुदा दाखल होण्याआधी यादी तपासावी एवढीच विनंती कर. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर तोच मेल लीगलमधल्या पेटंट बघणाऱ्या माणसाला पाठव आणि सरांना कॉपीत ठेव. लपूनछपून काही नको.

लीगलवाले हे सरांपेक्षा जास्त गंभीरपणे घेतील, आणि त्याला कारण आहे. १९७०च्या पेटंट कायद्याच्या २८व्या कलमात शोधकर्त्याचं नाव पेटंटवर नमूद होण्याची तरतूद आहे. नाव राहून गेलं असेल तर फॉर्म ८ भरून थेट पेटंट कार्यालयाकडे दावा करता येतो, मात्र पेटंट मंजूर होण्याआधी. त्याच कलमात असंही आहे की नाव आलं म्हणून त्या व्यक्तीला पेटंटवर कसलाही मालकी हक्क मिळत नाही. तेव्हा तुझं नाव घातल्याने कंपनीचं एका पैचं नुकसान नाही. उलट हेच पेटंट अमेरिकेत जाणार असेल तर तिथे शोधकर्त्यांची यादी चुकीची असणं महागात पडतं. पुढे प्रतिस्पर्धी कंपनीचा वकील पहिलं बोट त्यावरच ठेवतो. ही धमकी म्हणून देऊ नकोस, लीगलवाल्यांना ते पाठ असतं. फॉर्म ८ची वेळ बहुधा येणार नाही. पण आली तर 'आता काय उपयोग' म्हणून बसू नकोस, अर्ज दाखल झाल्यानंतरही तो रस्ता उघडा असतो.

आता तुझा मधला प्रश्न. भेदभाव आहे की तू हळवी झालीस?

सरांच्या मनात काय आहे हे तुला कधीच कळणार नाही आणि कळून घ्यायची गरजही नाही. कदाचित ते भले गृहस्थ असतील. त्यांची मुलगी आयआयटीच्या क्लासला जात असेल आणि 'दगदग नको' हे ते मनापासून म्हणाले असतील. २०१२ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज दाखवला. निम्म्यांना तो जॉन नावाच्या मुलाचा म्हणून, निम्म्यांना जेनिफर नावाच्या मुलीचा म्हणून. शिक्षण, अनुभव, शब्दन् शब्द तोच. जॉनला वर्षाला सरासरी तीस हजार डॉलरच्या वर पगार सुचवला गेला, जेनिफरला साडेसव्वीस हजारांच्या आसपास. आणि जेनिफरला कमी लेखण्यात प्राध्यापिकाही प्राध्यापकांच्या बरोबरीने होत्या. त्यांच्यापैकी कुणालाही विचारलं असतंस तर 'आम्ही फक्त गुणवत्ता बघतो' हेच उत्तर आलं असतं, आणि ते खोटं बोलत नसते. म्हणून हेतूच्या मागे लागू नकोस. मोज.

एमआयटीतल्या नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्रज्ञ बाईंनी हेच केलं. झेब्राफिशच्या टाक्यांसाठी थोडी जागा त्या मागत होत्या आणि मिळत नव्हती. 'तुम्हाला पुरेशी आहे' असं ऐकून ऐकून कंटाळल्या, तेव्हा टेप घेऊन त्यांनी इमारतीतल्या सगळ्यांच्या प्रयोगशाळा मोजून काढल्या. ज्येष्ठ बायकांकडे पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी जागा निघाली. मग पगार, निधी, समित्या असं एकेक तपासलं गेलं, १९९९ मध्ये अहवाल आला आणि संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीरपणे ते मान्य केलं. त्याआधी त्यातल्या प्रत्येक बाईला वाटत होतं की हे माझ्या एकटीचंच काहीतरी आहे. तुझं 'मीच हळवी झालेय का' वाचताना मला त्या आठवल्या.

तुला टेप नको, एक साधी वही पुरे. तुमच्या विभागात गेल्या दोन वर्षांत हैदराबादला कोण गेलं, प्लान्टवर टेक ट्रान्सफरला कोण गेलं, नवीन एलसीएमएस यंत्रावर वेळ कुणाला किती मिळाला, पेटंटांवर आणि पेपरांवर नावं कुणाची, मिनिट्स कुणी लिहिले. सगळं सगळ्यांना उघड दिसणारं आहे, त्यात गुप्त काहीच नाही. कदाचित यादी पूर्ण झाल्यावर दिसेल की तुमच्या विभागातल्या पुरुषांनाही कुणी विचारत नाही. तसं निघालं तर तेही खरं माना. आपल्या या पट्ट्यात, ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत, अ‍ॅनालिटिकलला 'टेस्टिंगवाले' समजायची रीत आहेच. पण मग अ‍ॅनालिटिकलमध्ये इतक्या मुली का आणि फॉर्म्युलेशनच्या पायलट प्लान्टमध्ये इतक्या कमी का, हेही विचार. जिथे मुली जास्त, ते काम 'सपोर्ट' ठरतं. हे मी इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी पाहिलंय की योगायोग म्हणायला जीभ रेटत नाही.

तुला लोक सांगतील की आणखी मेहनत कर, काम बोलेल. मी नाही सांगणार. स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाची शिष्यवृत्ती कुणाला कशी मिळते हे क्रिस्टीन वेनेरोस आणि अ‍ॅग्नेस वोल्ड या दोघींनी तपासलं. गुणांचे कागद मिळवायला त्यांना न्यायालयापर्यंत जावं लागलं. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष आला : पुरुषाइतकेच गुण पडायला बाईचं काम अडीचपट असावं लागत होतं. आणि हा स्वीडन, जिथे सगळं समान असतं असं आपण समजतो.

आपल्याकडे कमला सोहोनींची गोष्ट सांगतात, तुलाही शाळेत सांगितली असेल. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला, तर सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाकारला. त्या तिथे जाऊन ठाण मांडून बसल्या. मग अटींवर प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं, आणि लॅबमधल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्ष संपलं, रामन यांचं समाधान झालं. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी, मुंबईला परत, नीरेवरचं पोषणाचं संशोधन, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं संचालकपद. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो आणि टाळ्या वाजवतो. मला तिच्यात दिसतं ते वर्ष. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला जे पहिल्या दिवशी मिळालं ते मिळवायला या बाईंना वर्षभर स्वतःला सिद्ध करावं लागलं. तुझ्या अप्रेझलमधलं 'सरासरी' हे त्याच वर्षाचं लांबचं नातेवाईक आहे. तू पुन्हा प्रोबेशनवर आहेस, फक्त तसं कुणी म्हणत नाही.

त्या शेऱ्याबद्दल एचआरला लेखी विचार की रेटिंग कसं काढलं. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा तुझा कायदेशीर हक्क आहे, कंपनीची मेहेरबानी नाही. रजेवर असलेल्या बाईच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्यात बदलायला कायदा मनाई करतो. रेटिंग त्यात बसतं की नाही यावर वकील वाद घालतील, तू घालू नकोस. तू एवढंच म्हण की हजर होते त्या महिन्यांच्या कामावर मोजा, रजेचे महिने हिशोबातून वगळा. शून्य धरून सरासरी काढायची नाही. केमिस्टला हे गणित समजावून सांगावं लागत नाही, एचआरला कधीकधी लागतं. 'इमोशनल'चं उदाहरण लेखी मागायला विसरू नकोस. बहुतेक वेळा ते मिळत नाही आणि शब्द गुपचूप गळतो. आणि हो, पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनात पाळणाघराची सोय असावी लागते, हेही त्याच दुरुस्तीने आलं. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे नसणार. ही मागणी एकटीने करू नकोस. लहान मुलं असलेले बाप सोबत घे, ते तयार असतात, फक्त आधी कुणीतरी विचारायला हवं.

अंतर्गत समितीकडे जावं का, हे तू विचारलं नाहीस, पण बरेच जण सुचवतील. २०१३च्या कायद्याखालची ती समिती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आहे. तू लिहिलेलं त्यात बसत नाही. तसं काही असेल आणि लिहायला जड गेलं असेल, तर तिथेच जा, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत.

साडेपाचच्या बैठकांचं मला सर्वांत जास्त खटकलं, पेटंटच्याही पेक्षा. पेटंटवर निदान कागद तरी आहे. बस सुटल्यावर चहाच्या टपरीशी उभ्या उभ्या जे ठरतं, त्याला ना मिनिट्स ना सही. यावर रामबाण उपाय नाही, थोडं थोडं करत जायचं. बैठकीचं आमंत्रण आलं की त्याच दिवशी 'साडेपाचला मी नसते, चारला घेता येईल का' असं उत्तर टाक. दोनदा-तीनदा. बसने जाणाऱ्या आणखी दोघांनी तेच लिहिलं तर वेळ बदलते, आणि त्या दोघांत एखादा कल्याणला उतरून पुढे बदलापूरला जाणारा पुरुष असला तर फारच लवकर बदलते. तरीही नाहीच बदलली, तर महिन्यातून एक-दोनदा, खरंच महत्त्वाची बैठक असेल तेव्हा, थांब. रबाळ्याहून ठाण्याची लोकल रात्रीपर्यंत आहे. त्या दिवशी मुलीला आणायचं काम नवऱ्याचं.

त्याच्याविषयी तू एकच ओळ लिहिलीस : 'तुला झेपेल तसं कर.' ऐकायला समजूतदार वाटतं, पण त्यात त्याच्या वाट्याचं काही नाही. मोठी भांडणं काढायला सांगत नाही. पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला नंबर कुणाचा आहे ते बघ. तुझा असणार. ताप आला, डबा सांडला, पाळणाघर लवकर बंद होणार, फोन तुला येतो, मग तू सरांच्या दाराशी. सरांना तू 'लहान मुलाची आई' दिसतेस. तुझ्या नवऱ्याच्या साहेबाला तो 'लहान मुलाचा बाप' दिसत नाही, कारण तो फोन त्याच्यासमोर कधी वाजतच नाही. उद्या सकाळी जाऊन पहिला नंबर त्याचा लिहून ये. आधी त्याला सांगून, अर्थात.

सासूबाईंवर रागावू नकोस. त्यांच्या डोळ्यांपुढे शिक्षिकेची जुनी नोकरी आहे : दुपारी घरी, मे महिन्यात सुट्टी, पेन्शन. ती आता राहिलेली नाही. ज्युनिअर कॉलेजला शिकवायचं तर तुला पीएचडी असूनही बी.एड. करावं लागेल. सीनिअर कॉलेजात कायम जागा निघता निघत नाहीत, तासिका तत्त्वावर नेमतात, जेवढे तास तेवढे पैसे, आणि सुट्टीत काहीच नाही. शिकवायची मनापासून आवड असती तर मी म्हटलं असतं जा. तू पोव्हिडोनवर अर्धं पान लिहिलंस आणि शिकवण्यावर एक ओळ, तीही सासूबाईंची.

सोडायचं झालं तर दुसरीकडे जायला सोड, घरी बसायला नको. पेटंटचं काय होतं आणि मार्चच्या अप्रेझलमध्ये काय लिहितात, ते बघ. दोन्हीकडे हात हलवत परत यावं लागलं, तर एप्रिलपासून अर्ज टाक. महापे, तुर्भे, तळोजा, सगळीकडे इंप्युरिटी प्रोफाइलिंग (औषधातली अशुद्धी शोधून ओळखणं) येणारी माणसं हवीच असतात, आणि मुलाखतीत सांगायला तुझ्याकडे पोव्हिडोन आहे (औषधाचं नाव न घेता). रजिस्ट्रेशन, रेग्युलेटरी अफेअर्स हाही मार्ग आहे. पेटंटमध्येच रस वाटायला लागला असेल तर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची विज्ञान शिकलेल्या बायकांसाठी बौद्धिक संपदेच्या प्रशिक्षणाची योजना आहे, वर्षभराची, मानधनासहित. खंड पडलेल्या संशोधक बायकांसाठीही त्याच विभागाच्या योजना २००२-०३पासून चालू आहेत. त्या माहीत असू देत, पण त्यांच्या भरवशावर खंड पाडू नकोस. परत येणं योजनेच्या पत्रकात दिसतं तेवढं सोपं नसतं.

कधीतरी वाटेल की एवढं करून काय होणार. १९५८पासून दिलं गेलेलं विज्ञानातलं भटनागर पारितोषिक १९६१ मध्ये पहिल्यांदा एका बाईला, असीमा चॅटर्जींना मिळालं. दुसरी बाई यायला १९७५ उजाडलं, अर्चना शर्मा. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेची स्थापना १९४२ची, पहिली महिला महासंचालक एन. कलैसेल्वी, २०२२ मध्ये. हे वेग बघता तुझं एक नाव एका मसुद्यात या महिन्यात येणं ही मुळीच लहान गोष्ट नाही.

राहिलं ता. क. महिला दिनाला नाही म्हणू नकोस. हो म्हण आणि विषय बदल. मेल टाक की 'तारेवरच्या कसरतीऐवजी मी एका अननोन पीकचा माग कसा काढला यावर बोलते.' कोणी सहसा नाही म्हणत नाही, त्यांना फक्त वीस मिनिटं भरायची असतात. तोपर्यंत पेटंट दाखल झालेलं नसेल तर बोलणं कंपनीपुरतंच ठेव, बाहेरचे पाहुणे असतील तर आधी लीगलला विचार. स्लाइड्स स्वतः कर, या वेळी कुणाला पाठवू नकोस. प्रत्येक प्रयोगाखाली तारीख आणि नोटबुकचा नंबर घाल, आणि सहकाऱ्याचा जो वाटा असेल तो त्याच्या नावाने सांग. सर पहिल्या रांगेत बसतील. प्रश्नोत्तरांना दहा मिनिटं मागून घे, फॉर्म्युलेशनवाले 'बाइंडर बदलल्यावर हार्डनेसचं काय झालं' हे विचारणारच, तो डेटा हाताशी ठेव.